गुणपत्रिकेचे भाषांतर : शब्द आणि त्यामागचे माप

उज्जैन हे नगर महाराष्ट्राच्या सीमेबाहेर असले तरी मराठी माणसास ते कधीच परके वाटलेले नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी माळव्यातील आपले मुख्य ठाणे येथे केले. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी ते ग्वाल्हेरला हलविले. परंतु त्या काळात क्षिप्रेच्या काठी येऊन राहिलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी येथेच घर केले. घरात मराठी आणि घराबाहेर हिंदी असा या कुटुंबांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांची मुलेमुली हिंदी माध्यमातून शिकतात आणि उच्च शिक्षण, नोकरी अथवा विवाह यांच्या निमित्ताने पुणे, नागपूर, मुंबई येथे येतात. काही जण तेथून परदेशीही जातात.

या प्रवासात त्यांच्याबरोबर एक कागद असतो, तो म्हणजे गुणपत्रिका. हिंदीत छापलेला हा कागद महाराष्ट्रातील कार्यालयात मराठीतून वाचला जातो आणि परदेशी जाताना इंग्रजीत उतरविला जातो. दोन वेळा भाषा बदलताना त्यावरील आकडे सहसा चुकत नाहीत, चुकतात ते शब्द. एका शब्दाच्या चुकीमुळे पात्र उमेदवार अपात्र ठरू शकतो, किंवा एखाद्यास त्याने न मिळविलेला मान मिळू शकतो. यात कोणी खोटे बोललेले नसते, आणि म्हणूनच ही चूक लवकर उघडकीस येत नाही. तिची कारणे व तीवरील उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकच लिपी, निराळे अर्थ

हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात आणि दोहोंनी संस्कृतातून विपुल शब्द घेतले आहेत. त्यामुळे हिंदी गुणपत्रिका वाचण्यास मराठी माणसाला भाषांतरकाराची गरज भासत नाही. खरा धोका येथेच आहे. अनोळखी शब्दापाशी वाचक थांबतो व चौकशी करतो, पण ओळखीचा वाटणारा शब्द तो न थांबता पुढे नेतो.

‘शिक्षा’ या शब्दाची गंमत सर्वांना ठाऊक आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड. ‘माध्यमिक शिक्षा मंडल’ हे नाव वाचून मराठी मुले हसतात, पण त्यापायी कोणाचे नुकसान होत नाही. गुणपत्रिकेतील इतर शब्द मात्र इतके निरुपद्रवी नाहीत.

मध्यप्रदेशात गुणपत्रिकेस ‘अंकसूची’ म्हणतात. तीत ‘पूर्णांक’ आणि ‘प्राप्तांक’ असे रकाने असतात. मराठी विद्यार्थ्यास पूर्णांक म्हणजे अपूर्णांक नसलेली संख्या असे गणिताच्या तासाला शिकविलेले असते. येथे मात्र पूर्णांक म्हणजे विषयाचे कमाल गुण आणि प्राप्तांक म्हणजे विद्यार्थ्याला मिळालेले गुण. ‘स्वाध्यायी’ हा शब्द पाहून आपणास धड्याखालचा स्वाध्याय आठवतो, पण हिंदीत तो शाळा-महाविद्यालयात नियमित न जाता खासगीरीत्या परीक्षेस बसलेल्या उमेदवाराचा निदर्शक आहे. ‘पूरक परीक्षा’ म्हणजे आपली पुरवणी परीक्षा होय. ‘प्रव्रजन प्रमाणपत्र’ वाचून कोणी संन्यास घेतला की काय अशी शंका यावी, पण ते साधे स्थलांतर प्रमाणपत्र आहे.

‘प्रावीण्य’ या शब्दाकडे अधिक काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात ‘विशेष प्रावीण्य’ म्हणजे डिस्टिंक्शन, आणि शालान्त परीक्षेत ७५ टक्के व त्याहून अधिक गुण मिळविणारे सर्व विद्यार्थी त्यास पात्र ठरतात. मध्यप्रदेशात ‘प्रावीण्य सूची’ म्हणजे गुणवत्ता यादी होय. तीत संपूर्ण राज्यातील मोजक्या विद्यार्थ्यांचीच नावे असतात. तेथे डिस्टिंक्शनसाठी ‘विशेष योग्यता’ असा शब्द आहे. आता समजा, राज्याच्या प्रावीण्य सूचीत नाव आलेल्या एखाद्या मुलीच्या प्रमाणपत्राचे भाषांतर ‘प्रावीण्यासह उत्तीर्ण’ असे झाले, तर तिची दुर्मीळ कामगिरी हजारोंच्या गर्दीत मिसळून जाईल. भाषांतरातील प्रत्येक अक्षर शुद्ध असेल, तरीही त्या मुलीवर अन्याय झालेला असेल.

प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदनामातही हाच घोटाळा होत असे. मराठीत ‘कुलपती’ म्हणजे चान्सलर आणि ‘कुलगुरू’ म्हणजे व्हाइस चान्सलर. मध्यप्रदेशात मात्र ‘कुलपति’ हे व्हाइस चान्सलरचे पदनाम होते आणि चान्सलरला ‘कुलाधिपति’ म्हणत. उज्जैनच्या विक्रम विश्वविद्यालयाचे १९६८ ते १९७८ या काळातील कुलपति, प्रसिद्ध हिंदी कवी डॉ. शिवमंगल सिंह ‘सुमन’ हे, आपल्या भाषेत सांगायचे तर त्या विद्यापीठाचे कुलगुरू होते. २०२४ साली मध्यप्रदेश शासनाने ‘कुलपति’ ऐवजी ‘कुलगुरु’ हे पदनाम स्वीकारले. म्हणून तेथील जुन्या पदवीपत्रावर ‘कुलपति’ आणि नव्या पदवीपत्रावर ‘कुलगुरु’ असे आढळले, तरी इंग्रजीत दोन्ही ठिकाणी व्हाइस चान्सलर असेच लिहावयास हवे.

श्रेणी, वर्ग आणि ग्रेड

हिंदी गुणपत्रिकेवरील निकालाचा सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘श्रेणी’. ‘प्रथम श्रेणी’ म्हणजे फर्स्ट डिव्हिजन. मराठीत हा शब्द दोन कामे करतो. शालान्त परीक्षेच्या निकालात आपणही प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी असे म्हणतो. परंतु चित्रकलेच्या परीक्षेतील ‘अ श्रेणी’ म्हणजे ग्रेड होय. विद्यापीठाच्या पदवीच्या संदर्भात आपण बहुधा ‘प्रथम वर्ग’ म्हणतो, आणि ‘वर्ग’ म्हणजे शाळेची खोली किंवा इयत्ताही.

अशा शब्दाचे इंग्रजी करताना शब्दकोशातील पहिला अर्थ उचलला तर अनर्थ होतो. ‘प्रथम श्रेणी’चे ‘फर्स्ट ग्रेड’ केले, तर अमेरिकेतील वाचकास ती आपली पहिली इयत्ता वाटेल, कारण तेथे इयत्तेस ग्रेड म्हणतात. ‘प्रथम वर्ग’चे ‘फर्स्ट क्लास’ केले तर ते भारतात योग्यच आहे. परंतु ब्रिटनमध्ये फर्स्ट क्लास सामान्यतः ७० टक्क्यांपासून सुरू होतो आणि आपल्याकडे ६० पासून. शब्द तोच, पण त्यामागचे माप निराळे.

अक्षरांच्या श्रेणीतही भाषेचा फरक आहे. महाराष्ट्रातील शाळांत २०१० पासून सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तीत ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० गुणांना अ-२, नंतर ब-१, ब-२, क-१, क-२, ड अशा श्रेणी योजिल्या गेल्या. मराठीतील ‘अ, ब, क, ड’ हा क्रम इंग्रजीच्या पहिल्या चार अक्षरांशी जुळविलेला आहे. हिंदी प्रदेशात तोच क्रम ‘अ, ब, स, द’ असा चालतो, कारण तेथे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांचा आधार घेतला आहे. म्हणजे आपला ‘क’ आणि हिंदीतील ‘स’ हे दोन्ही इंग्रजी वर्णमालेतील तिसऱ्या अक्षराच्याच जागी आहेत. हे माहीत नसलेला लेखनिक ‘स’ पाहून तो ‘समाधानकारक’ या शब्दाचा संक्षेप समजला, तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र त्याला हे कोणी तरी सांगावयास हवे.

आचार्य कोण?

उज्जैनची ख्याती विद्यानगरी म्हणून प्राचीन आहे. श्रीकृष्ण व बलराम यांनी येथील सांदीपनींच्या आश्रमात चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला हस्तगत केल्या, अशी कथा आहे. त्यांना कोणती श्रेणी मिळाली याचा उल्लेख नाही, आणि तशी गरजही पडली नसावी. आज मात्र येथे २००८ साली स्थापन झालेल्या महर्षि पाणिनि संस्कृत एवं वैदिक विश्वविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना पदवीपत्र लागते, आणि त्यावरील शब्द संस्कृत परंपरेतील असतात.

या परंपरेत पूर्वमध्यमा ही दहावीच्या, उत्तरमध्यमा ही बारावीच्या, शास्त्री ही बी.ए.च्या, आचार्य ही एम.ए.च्या आणि विद्यावारिधि ही पीएच.डी.च्या तोडीची मानली जाते. उज्जैनच्याच महर्षि सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाची ‘वेदभूषण’ दहावीशी आणि ‘वेदविभूषण’ बारावीशी समकक्ष आहे.

आता महाराष्ट्रातील शब्दयोजना पाहा. आपल्या काही विद्यापीठांत पीएच.डी.स ‘विद्यावाचस्पती’ म्हणतात, तर विदर्भात ‘आचार्य पदवी’ हा शब्द पीएच.डी.साठी रूढ आहे. संस्कृत परंपरेत ‘वाचस्पति’ ही त्याहूनही वरची, डी.लिट्.च्या तोडीची पदवी आहे. म्हणजे उज्जैनहून ‘आचार्य’ होऊन आलेला तरुण एम.ए. झालेला असताना नागपूरच्या कार्यालयात तो पीएच.डी. समजला जाण्याचा संभव आहे. काही दिवस त्याचा मान वाढेल, पण पडताळणीच्या वेळी त्याच्यावर खोटी माहिती दिल्याचा ठपका येईल. वस्तुतः त्याने आपल्या पदवीचे नाव अक्षरशः खरे सांगितलेले असते.

इटलीतील तीस गुण

हा प्रश्न केवळ आपल्या दोन भाषांपुरता आहे असे कोणी समजू नये. इटली देशातील विद्यापीठांच्या गुणपत्रिका इंग्रजीत आणताना भाषांतरकारांपुढे हीच अडचण उभी राहते आणि तिचा अभ्यास आपणास बोधप्रद ठरतो.

इटलीत विद्यापीठाच्या प्रत्येक विषयाची परीक्षा ३० पैकी गुण देऊन होते. तीन परीक्षक आणि प्रत्येकाच्या हाती दहा गुण, असा या तीसच्या आकड्याचा उगम सांगितला जातो. उत्तीर्ण होण्यास किमान १८ गुण लागतात. असामान्य विद्यार्थ्यास तीसपैकी तीस देऊन त्यापुढे ‘ए लोदे’ हे शब्द जोडतात, त्यांचा अर्थ ‘आणि प्रशंसा’. पदवीचा अंतिम निकाल ११० पैकी असतो आणि त्यात ६६ गुणांना उत्तीर्ण मानतात. तेथेही सर्वोच्च मान ‘एकशे दहा आणि प्रशंसा’ असा आहे.

यातील ‘प्रशंसा’चे इंग्रजी ‘डिस्टिंक्शन’ असे केले, तर भारतीय अधिकारी त्यावरून ७५ टक्के समजेल. प्रत्यक्षात तो मान पूर्ण गुणांच्याही वरचा आहे.

याहून मोठा फसवा भाग आकड्यांचा आहे. ३० पैकी १८ म्हणजे गणिताने ६० टक्के, आणि ११० पैकी ६६ म्हणजेही ६० टक्केच. इटलीत हा जेमतेम उत्तीर्णाचा निकाल आहे, पण आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी लागते! उलटपक्षी, कष्टाने ६० टक्के मिळवून प्रथम श्रेणीत आलेली आपली विद्यार्थिनी इटलीत गेली आणि तिच्या गुणांचे कोणी निव्वळ त्रैराशिक मांडले, तर ती तीसपैकी अठरा गुणांची, म्हणजे काठावर पास झालेली ठरेल. येथे एकही शब्द चुकलेला नाही व एकही आकडा चुकलेला नाही. चुकले ते एवढेच की शब्द आणि आकडे नेले, पण माप मागे राहिले.

‘आचार्य’ शब्दाचा जुळा भाऊही इटलीत भेटतो. तेथे साधी पदवी मिळविणाऱ्यासही ‘दोत्तोरे’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्याचे इंग्रजी ‘डॉक्टर’ केले की पदवीधर एका रात्रीत पीएच.डी. होतो. संशोधनाची डॉक्टरेट इटलीत स्वतंत्रपणे १९८० मध्ये सुरू झाली आणि तिचे नावही निराळे आहे. तद्वतच ‘दिस्क्रेतो’ हा इटालियन शेरा इंग्रजीतील ‘सावध, गुपित राखणारा’ या अर्थाच्या शब्दासारखा दिसतो, पण शाळेच्या प्रगतिपत्रकात त्याचा अर्थ ‘बरा’ एवढाच आहे.

जुन्या पिढीतील वाचकांना हे चटकन समजेल. मुंबईचा शेर आणि बंगालचा शेर ही एकाच नावाची पण निरनिराळ्या वजनांची मापे होती. व्यापारी नुसता ‘शेर’ ऐकून भाव ठरवीत नसे, कोणता शेर हे तो आधी विचारी. परीक्षेच्या निकालाबाबतही हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

श्रेयांकांची नवी भर

अलीकडील गुणपत्रिकांत टक्केवारीऐवजी श्रेयांक पद्धत आढळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत दहा अंकांची श्रेणी सुचविली आहे. तीत सर्वोच्च श्रेणीस १० आणि नुसत्या उत्तीर्णास ४ श्रेणी-गुण आहेत. येथे तीन शब्द नीट वेगळे ठेवावेत. श्रेयांक म्हणजे विषयाचा भार, श्रेणी म्हणजे अक्षरातील निकाल आणि श्रेणी-गुण म्हणजे त्या अक्षराचे अंकातील मोल. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे चार गुण मिळालेला विषय नव्हे.

सरासरी श्रेणी-गुणास दहाने गुणले की टक्के मिळतात, हा समजही सर्वत्र खरा नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीसाठी जेव्हा ही पद्धत ठेवली होती, तेव्हा ९.५ ने गुणण्याचा नियम होता. त्या नियमाने ८.२५ चे सुमारे ७८.४ टक्के होतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात मात्र ८.२५ म्हणजे ७५ टक्के. ज्या संस्थेची गुणपत्रिका, तिचाच नियम लावावयाचा असतो.

भाषांतर कसे करावे?

वरील विवेचनावरून पुढील पथ्ये सुचतात.

१. निकालाचा मूळ शब्द पुसून टाकू नये. ‘श्रेणी’, ‘आचार्य’, ‘विशेष योग्यता’ हे शब्द नव्या लिपीत जसेच्या तसे लिहून शेजारी त्यांचा अर्थ द्यावा. दोन्ही वाचावयास मिळाले म्हणजे शंका आल्यास मुळाशी जाता येते.

२. शब्दाबरोबर माप द्यावे. कमाल गुण किती, उत्तीर्ण होण्यास किती, प्रथम श्रेणी कोठून सुरू होते, या तीन गोष्टी असाव्यात. मध्यप्रदेशात शालान्त परीक्षेस ३३ टक्क्यांना व महाराष्ट्रात ३५ टक्क्यांना उत्तीर्ण मानतात, हा लहानसा फरकही काठावरच्या विद्यार्थ्यास महत्त्वाचा आहे. ही माहिती पुष्कळदा गुणपत्रिकेच्या पाठीमागे छापलेली असते. म्हणून मागील बाजूचेही भाषांतर करावे व तिची छायाप्रत जोडावी.

३. गुणांचे रूपांतर करू नये. तीसपैकी सव्वीस हे तीसपैकी सव्वीसच लिहावेत.

४. समकक्षता ठरविणे हे भाषांतरकाराचे काम नव्हे. परदेशी पदव्यांची समकक्षता ठरविण्याचे काम पूर्वी १९२५ पासून कार्यरत असलेला भारतीय विश्वविद्यालय संघ करीत असे. इतर बाबतींत प्रवेश देणारे विद्यापीठ अथवा मंडळ निर्णय घेते. भाषांतरकाराने साक्षीदार व्हावे, न्यायाधीश होऊ नये.

५. संस्थेचे नाव प्रमाणपत्रावर असेल तेच ठेवावे. १९५७ साली विक्रम विश्वविद्यालय या नावाने स्थापन झालेल्या विद्यापीठाचे जुने पदवीपत्र त्याच नावाने भाषांतरित झाले पाहिजे. पुढे नाव बदलले असल्यास तशी वेगळी टीप द्यावी.

अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचे दायित्व याहून थोडे अधिक आहे. परक्या प्रांतातील शब्द आपल्या नियमपुस्तिकेतील शब्दाशी जुळत नाही एवढ्याच कारणाने अर्ज बाजूस ठेवू नये. तसेच तो जुळतो एवढ्याच कारणाने तो मान्यही करू नये. कोणत्या मापाने, हा एक प्रश्न विचारण्यास फारसा वेळ लागत नाही. शिक्षकांनी शाळा सोडून परप्रांतात जाणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्या गुणपत्रिकेतील शब्दांचा अर्थ आधीच समजावून सांगावा. ग्रामीण भागातील पालकांनी मूळ गुणपत्रिका दोन्ही बाजूंच्या छायाप्रतींसह जपून ठेवावी आणि भाषांतर करून घेतल्यावर नाव, आकडे व निकालाचा शब्द या तीन गोष्टी स्वतः ताडून पाहाव्यात.

गुणपत्रिका हा विद्यार्थ्याच्या कित्येक वर्षांच्या परिश्रमांचा एकमेव लेखी पुरावा असतो. तो ज्या कार्यालयात पोहोचतो तेथे विद्यार्थी स्वतः बोलावयास हजर नसतो, त्याच्या वतीने कागदच बोलतो. त्या कागदाने त्याने मिळविले त्याहून कमीही सांगू नये आणि अधिकही सांगू नये, इतकी दक्षता भाषांतर करणाऱ्याने व वाचणाऱ्याने घेतली, तर उज्जैनच्या मुलीची प्रथम श्रेणी पुण्यातही प्रथम श्रेणीच राहील.